डॅश केलेली खुर्ची

जोसाया बायडू एकतीस वर्षं लंडनच्या टपालखात्यात पत्रं वेगळी करून गावी परतले ते दुखरी कंबर आणि चामड्याची आरामखुर्ची, जोडीला पाय ठेवायचं स्टूल, असं घेऊन. कंबर विमानाने आली, खुर्ची जहाजाने. लंडनची इंग्रजीही सोबत आली होती. खुर्चीवर ते कुणाला टेकू देत नसत. इंग्रजी मात्र मागो न मागो सगळ्यांना वाटत.

बायको एकुआ इंग्रजीला उत्तरच देत नसे, म्हणून घरात फान्टी, म्हणजे आमची इथली बोली चाले. सगळा भार पडे तो ड्रायव्हर अर्कोवर. अर्को पन्नाशीचा. पंचवीस वर्षं ट्रक चालवलेला. इंग्रजी त्यालाही येत होती, पण ती आपली इथली, केप कोस्टच्या स्टँडवरची. ती इंग्रजीच नव्हे, असं बायडूंचं ठाम मत होतं.

सणाच्या आदल्या दिवशी नानांच्या वाड्यावरून निरोप आला. उद्या मंत्री येणार, त्यांना बसायला दोन तासांपुरती आपली खुर्ची मिळेल का? नाना म्हणजे गावचे प्रमुख, त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती, आणि मंत्र्याचं बूड आपल्या खुर्चीला लागणार या कल्पनेने बायडूंची छाती दोन इंच फुगलीही होती. तोंडाला फेस लावून दाढी करता करताच त्यांनी हुकूम सोडला.

"अर्को, खुर्ची नानांना डॅश कर! ताबडतोब!"

लंडनमध्ये डॅश करणं म्हणजे लगबगीने धावणं. आमच्याकडे बाजारात टोमॅटोवाली मोजून झाल्यावर वर दोन टोमॅटो टाकते, तो डॅश. म्हणजे भेट. फुकट, आणि कायमची. एकतीस वर्षांत बायडूंच्या डोक्यातून हा अर्थ साफ पुसला गेला होता. अर्को बिचारा मोरीच्या दाराशीच थबकला.

"बॉस, नानांना डॅश?"

"हो, डॅश."

"वापरायला नाही ना? डॅशच?"

नेमका तेव्हाच बायडूंच्या हनुवटीला वस्तरा लागला. "ओह, डॅश इट!" ते ओरडले. लंडनचे सभ्य लोक शिवी गिळताना असं म्हणतात. अर्कोला मात्र तिसऱ्यांदा तोच हुकूम मिळाला होता. त्याचे डोळे भरून आले. या माणसाला आपण इतके दिवस चिक्कू समजत होतो!

त्याने खुर्ची पुसून चकचकीत केली, वाड्यावर नेली, चपला काढल्या आणि भरल्या अंगणात खणखणीत आवाजात सांगितलं, "माझ्या मालकांनी ही नानांना डॅश केलीय!" बायका टाळ्या पिटू लागल्या. कुणीतरी ढोलावर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी मंत्री खुर्चीत बसले, भाषणं झाली, मंत्री गेले. खुर्ची काही आली नाही. आली ती रविवारी सकाळी वाड्याची मंडळी, शिंग वाजवत, एक मेंढा आणि डझनभर सुरण घेऊन आभार मानायला.

"दोन तासांच्या कामासाठी मेंढा?" बायडू हरखले. "लंडनला नुसतं 'थँक यू' म्हणतात!" त्यांनी तिथल्या तिथे मेंढा कापायला लावला. अख्ख्या आळीने सूप ओरपलं. हाड चोखता चोखता त्यांनी सहज विचारलं, "बरं, खुर्ची कधी पाठवताय?"

मंडळी पोट धरून हसली. लंडनचा विनोद भारी असतो, असं म्हणत घरी गेली.

मग अर्कोला बोलावणं झालं, आणि सगळा उलगडा झाला.

"तुम्ही तीनदा सांगितलंत, बॉस."

"मी धाव म्हणालो होतो, गाढवा!"

"खुर्ची कशी धावेल, बॉस?"

एकुआ गालातल्या गालात नव्हे, चांगली उघड हसली. "जा आता, नानांना इंग्रजी शिकवून ये. पण आधी मेंढा ओकून टाक, तोही परत द्यावा लागेल ना."

कंबरेने दोन रात्री बायडूंना झोपू दिलं नाही. मंगळवारी ते वाड्यावर गेले. नाना त्याच खुर्चीत रेलले होते. आमच्याकडे प्रमुखाशी कुणी थेट बोलत नाही. आपण बोलायचं ते प्रमुखाच्या ओक्यामेशी. तो काठी उंचावून तेच नानांना नीट शब्दांत सांगतो. नाना चार हातांवर बसून स्वतःच्या कानांनी सगळं ऐकत असले, तरी ओक्यामे बोलेपर्यंत त्यांनी काही ऐकलेलं नसतं.

बायडूंनी घसा खाकरला. "नानांना सांगा, खुर्ची पाठवण्यात चूक झाली. मला तसं करायचं नव्हतं."

ओक्यामे एग्या ओटू सत्तरीचा. त्याने डोळे मिटले, काठी उचलली. "नाना, बायडू लाजून आलेत. म्हणतात, खुर्ची पाठवण्यात चूक झाली. नुसतीच पाठवली. तिच्या जोडीचं पाय ठेवायचं स्टूल घरीच राहिलं. असं अर्धवट करायचं त्यांच्या मनात नव्हतं."

बायडू पुढे सरसावले. "अहो, नाही! मला खुर्ची..."

"मला खुर्चीपेक्षा नानांचे पाय मोलाचे, म्हणतात."

अंगणात टाळ्या झाल्या. नाना बायडूंकडे अगदी शांतपणे पाहत म्हणाले, "बोलावं तर असं."

वाड्याच्या फाटकाबाहेर बायडूंनी ओटूची बाही धरली. "एग्या, मी काय म्हणालो ते ऐकू आलं नाही तुम्हाला?"

"आलं की. नानांनाही आलं," ओटू म्हणाला. "दिलेलं परत मागितलं की दंड दोन मेंढे, सहा बाटल्या श्नॅप्स दारू, आणि भर सभेत माफी. मी मध्ये पडलो नसतो तर आता गुडघ्यांवर असता. स्टूल संध्याकाळपर्यंत चालेल. घाई नाही."

बायडू घरी आले. फडकं घेतलं आणि स्टूल पुसू लागले. एकुआ दाराशी आली.

"काय रे, काय बोललास तिथे?"

"छान बोललो," बायडू म्हणाले. "नानांना फार आवडलं."