दात न् दात पूजला

अँबॅसिडरची टायमिंग चेन घरच्या घरी बदलणं म्हणजे पायजम्यात नाडी घालण्यापेक्षा अवघड काम नाही, असं मी नवीन जालन्यातल्या आमच्या बियाणे कंपनीच्या ऑफिसात भर चहाच्या वेळी जाहीर केलं. कुणी विरोध केला नाही. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं!

गाडी एका आडत्याकडून घेतलेली. इतकी फिरलेली, की मीटर दोनदा सगळे आकडे संपवून शून्यावर आला होता आणि तिसऱ्यांदा यायचा कंटाळा करून बंद पडला होता. त्यात इंजिनातली हीच टायमिंगची साखळी सैल झालेली. गाडी चालू केली की बोनेटखाली कुणीतरी पोत्यात भांडी भरून हलवतंय असं वाटायचं.

पण माझ्या मायचा, झुंबरबाईंचा, त्या गाडीवर भारी जीव. आयुष्यभर ती माहेरी टेंभुर्णीला एसटीनं गेली आणि स्टँडपासून बोचकं डोक्यावर घेऊन चालली. यंदा दसऱ्याला लेकाच्या गाडीतून, काच खाली करून, वेशीतून जायचं असं तिनं ठरवलं होतं. टेंभुर्णीला जाणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर तसा निरोपही धाडला होता. तिकडून तिच्या भावाचा, कडूबामामाचा, उलटा निरोप आला, "गाडी येती, का मीच येऊ टॅक्टर घिऊन वढायला?"

माय अर्ध्या भाकरीवरून उठायला लागली. मला ते बघवेना. म्हटलं, काही होवो, माय गाडीतूनच जाणार!

चांदपाशा मिस्त्रीनं नवी साखळी दिली, पण काम दसऱ्यानंतर म्हणाला.

"मी करतो की घरीच!"

"करा साहेब. फकस्त जुनी साखळी काढायच्या आधी दोन्ही दातेरी चकऱ्यांवर बराबर खूण करा. मंग चकऱ्या बिलकुल हलवू नका. खूण गेली की टायमिंग गेलं."

खंडेनवमीच्या सकाळी अंगणात रेडिएटर उतरवला, इंजिनाचं पुढचं झाकण काढलं. बायको नंदा चहा घेऊन आली.

"हे बघ, ही खालची चकरी, ही वरची. दोघींवर ही साखळी. खालची दोनदा फिरती तेव्हा वरची एकदा."

"म्हंजी खालची मी, वरची तुम्ही," ती म्हणाली आणि कप ठेवून गेली.

कंपनीच्या मूळ खुणा कधीच झिजून गेल्या होत्या आणि घरात रंगाचा थेंब नव्हता. पण डोकं कशाला दिलंय देवानं! देवघरातलं कुंकू तेलात कालवलं आणि वरच्या चकरीच्या एका दाताला एक, खालच्या एका दाताला एक, असे लालभडक ठिपके दिले. काय सुबक दिसत होते! साखळी काढली, हात धुतले आणि जेवायला बसलो. एक भाकरी जास्तच खाल्ली.

बाहेर येऊन बघतो तर सामान धुवायला ठेवलेल्या पेट्रोलच्या बाटलीपासून वीतभर अंतरावर उदबत्ती! पाने, हातोडी, जॅक ओळीनं मांडलेले. प्रत्येकावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. आणि दोन्ही चकऱ्यांचा दात न् दात लाल!

"माय! हे काय केलंस?"

"खंडेनवमी न्हाई का आज? तू एकाच दाताला कुंकू लावून जेवाया गेल्तास. बाकीच्या दातांनी काय पाप केलं?"

"अन् मागच्या दातांना कसं लावलंस?" मी वाकून बघत विचारलं.

"फिरवून घेतल्या की दोन्ही! खालची लई जड. तुझा पाना लावून रेटली. दळण दळलेले हात हायेत माझे." मग तिनं बोनेटवर दोन्ही हात ठेवले. "आता न्हाई दगा द्यायची. मी सांगितलंय तिला."

मी पान्यावरचं फूल उचलून बाजूला ठेवलं. "छान केलंस," म्हणालो.

दिवसभर साखळी अंदाजानं बसवत राहिलो. एक दात पुढं, एक दात मागं. दिवेलागणीला गाडी चालू झाली! चालू म्हणजे, उचकी लागलेल्या म्हशीसारखी.

दसऱ्याला निघालो. थोडं पुढं गेलं की सायलेन्सरमधून फाट्! "दसऱ्यालाच दिवाळी," नंदा म्हणाली. वाटेत राजूरला मायनं गाडीतूनच गणपतीला हात जोडले. त्यानं आम्हाला टेंभुर्णीच्या शिवारापर्यंत आणून सोडलं. तिथं गाडीनं एक शेवटचा बार काढला आणि जीव टाकला.

आवाज ऐकून शेजारच्या वावरातून ज्वारी पेरता पेरता कोण यावं? कडूबामामा! टॅक्टरसकट!

"म्हणलं न्हवतं का?" हसून हसून त्याला गाडीला नाडा बांधता येईना.

मायचा चेहरा एवढासा झाला. साऱ्या जन्मात तिनं माझ्याकडं ही एकच हौस मागितली होती.

"माय, उतरून चालत जायचं का?"

"गप. काच खाली कर."

टॅक्टरमागं ओढत वेशीत पोचलो, तर सगळं गाव तिथं. मायची लहानपणची मैत्रीण चतुराबाई पुढं आली. "झुंबरे, गाडी बंद पडली का गं?"

"बंद काहून पडंल? काल खंडेनवमीला दात न् दात पूजलाय तिचा. पूजलेल्या अवजाराला दुसऱ्या दिवशी काम लावत असतेत का?"

बायका माना डोलवायला लागल्या.

"मंग माझा टॅक्टर अवजार न्हाई का?" मामा ओरडला.

"कुंकवाचा एक ठिपका तरी हाय का त्याला? दाखव!"

पेरणीच्या गडबडीत मामाची पूजा राहून गेली होती. अख्खं गाव टॅक्टरभोवती फिरून खात्री करून आलं. "अगाई! सणावाराचं!" म्हणत चतुराबाईनं तोंडाला पदर लावला. मामा नाड्याची गाठ पुन्हा आवळायला वाकला.

"चल, घरापर्यंत ने. हळू!" माय काचेतून म्हणाली. मी स्टीअरिंग धरून असा ताठ बसलो होतो, की जणू गाडी मीच चालवतोय.

मामाला ते फार लागलं. सोनं वाटून झाल्याबरोबर त्यानं टॅक्टर धुतला आणि चाकाच्या नटानटाला कुंकू लावून पूजा केली. झालं! मायच्याच नियमानं आता उद्या गाडी ओढायला टॅक्टरही हलवता येईना.

दुसऱ्या दिवशी गाडी मामाच्या दारात ठेवून आम्ही एसटीनं परत निघालो. मायला खिडकीची जागा मिळाली. तिनं काच सरकवली, इकडंतिकडं बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं,

"या गाडीची पूजा कुणी केली न्हाई ना रं?"