कपाटावरून दिसणारा हॉल

दोन खोल्यांचं घर विकायचं, तर जाहिरातीला फोटो हवेत. दुसऱ्या कुणी दारात उभं राहून चार काढले असते. पण विमा कंपनीतल्या या कारकुनाने नुकताच फोटोग्राफीचा दोन दिवसांचा वर्ग केला होता, आणि उभ्याने फोटो काढणं हा निव्वळ आळशीपणा असतो असं त्याला तिथे समजलं होतं. घरातल्या बाकी कामांना हा नियम लागू नव्हता.

म्हणून रविवारी सकाळपासून तो उंबऱ्यावर पालथा पडून होता. बायको त्याला ओलांडून भाजी आणायला गेली आणि ओलांडूनच परत आली. मग तो कपाटावर चढला आणि छताला पाठ घासत त्याने अख्खा हॉल टिपला. उतरता येईना, तेव्हा बायकोने शेजाऱ्यांकडून स्टूल मागून आणलं.

फोटो मात्र झकास आले. जमिनीवरून सोफा जहाजासारखा दिसत होता, आणि कपाटावरून पाहिलं तर हॉलमध्ये शंभर माणसांची सभा भरवता आली असती.

"कुणाचं घर हे?" बायकोने विचारलं.

कौतुकाला एकटी बायको पुरेना, म्हणून त्याने फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. घर विकायचंय हे लिहायचं राहून गेलं. संध्याकाळीच बायकोच्या मामांचा फोन आला. मोतीबिंदूचं ऑपरेशन तुमच्याच गावात आहे. एवढा हॉल असताना लॉजवर उतरलो तर जावयाचा अपमान होईल, असं त्यांचं म्हणणं. तो अपमान टाळण्यासाठी मामा, मामी, मुलगा, सून आणि मामींची बहीण असे पाचजण सामानासकट आले.

मामा चार पावलं चालले आणि भिंत लागली.

"जावईबापू, हॉल कुठाय?"

"हाच तो, मामा."

मामांनी डोळे बारीक करून पाहिलं. "असेल. ऑपरेशननंतर दिसेल."

ऑपरेशन झालं, तरी कुणी निघेना. अशातच घर बघायला एक निवृत्त इंजिनियर आले. सोफ्यावर मामींची बहीण झोपली होती, खिडकीत मामा काळ्या चष्म्यात बसले होते आणि घरमालक स्वयंपाकाच्या ओट्यावर बसून जेवत होता. कारकुनाने घर विकलं जाण्याची आशाच सोडली.

इंजिनियरांनी माणसं मोजली.

"फोटोंवर माझा काडीचा विश्वास नसतो," ते म्हणाले. "पण सातजण इथे गुण्यागोविंदाने राहतात, म्हणजे जागा खरंच ऐसपैस आहे." आणि त्यांनी जागच्या जागी होकार दिला.

कारकून ताट घेऊनच ओट्यावरून खाली उतरला. मामांनी चष्मा सावरला.

"आता नव्या घरी सामान लावायला माणसं लागतील," ते मायेने म्हणाले. "आम्ही थांबतोच."