भरतीच्या वेळी डोकं वाकवा

१२ जानेवारी, रविवार, सकाळी दहा. हजर: सोसायटीचे अध्यक्ष सबनीस, खजिनदार शहाबाई आणि मी, सचिव. ठिकाण: पूल. काम: हिरूकाकांना समज देणे.

बाळकुमला आमच्या गेटबाहेर मिठागराचा जुना कालवा आहे. त्यावर दगडी पूल, इतका अरुंद की समोरासमोर दोन रिक्षा आल्या तर एकीने मागेच जायचं. त्याच्या कठड्यावर हिरूकाका बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडतात, "डोकं वाकव!" वर आभाळाशिवाय काही नाही. तरी माणसं वाकतात. परवा कुरिअरवाला स्कूटरवर वाकला आणि पार्सलांसकट आडवा झाला.

काकांचं डोकं ठिकाणावर आहे. जमीन बिल्डरला देताना त्यांनी तीन फ्लॅट मोजून घेतलेत. फक्त वॉचमनला "पानी चढला काय रं?" विचारल्याशिवाय ते चहाला तोंड लावत नाहीत.

सबनीस म्हणाले, "काका, उद्यापासून हे बंद. नाहीतर कठड्याला जाळी लावू."

"लाव की. पन लावताना वाक."

माझ्या मनात मात्र वेगळाच प्रश्न होता. "काका, ओहोटीला तुम्ही गप्प का असता?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "ओहोटीला होडी पुलाखालून सुखात जाते, बाय. भरतीला दगड कपालाला लागतो."

मिठाच्या होड्या बंद होऊन जमाना झाला. पण काकांची वरात तसल्याच होडीतून आली होती. शेजारी नवरी, पदर डोळ्यांपर्यंत. पाणी भरलेलं.

"पूल मना दिसत व्हता. पन समोर बाप, मामा, सगली मोठी मानसं. त्यांच्यादेखत नव्या नवरीशी बोलायचा कसा? गप बसलू." काकांनी कपाळावर बोट टेकवलं. "तिला हितं खोक पडली. जलमभर त्याच्यावर मोठा कुंकू लावायची आन् मना टोचायची, तवा तोंडाला कुलूप व्हता काय?"

"काकी घरी असतात?" शहाबाईंनी विचारलं.

"गेल्या शिमग्याला गेली." काका पाण्याकडे बघत राहिले. "आता मोठा कोन उरला नाय. लाजायचा कोनाला?"

जाळीचा विषय कोणी काढला नाही. आम्ही निघालो. कालव्यात पाणी चढायला लागलं होतं. मागून हाक आली, "डोकं वाकव गो बाय!"

मी वाकले. सहा फुटी सबनीस माझ्याही आधी वाकले होते.

समज देणे: बाकी.