टाके फुटले त्या समयी किल्लेदार प्रकरण सोडवीत होते त्याची हकीकत

श्री. स्वतःचे डोके जाऊन हत्तीचे आले तरी ज्याची बुद्धी जागची हलली नाही, त्या देवास नमन करून लिहितो. शके सोळाशे शहाण्णव, जय नाम संवत्सर, चैत्र वद्य पंचमीपासोन जे घडले ते घाईने लिहितो, सबब अक्षर वेडेवाकडे आल्यास वाचणारांनी रागे भरू नये. एक राज्य होते, त्याचे सरहद्दीस एक गड होता, गडावर चारशे माणूस आणि चारशे माणसांत मिळोन पाण्याचे टाके एकच. किल्लेदार सुभानजीराव दरेकर, तरवारीस तेज, परंतु कारभाराचे नावे डोक्यात अंधार, म्हणोन सरकारांनी हुकूम केला की किल्लेदार आणि त्यांचे बारा कारकून यांस कारभारशास्त्र शिकवावे, आणि त्याकामी गिरमाजीपंत नामे पंडित गडावर पाठविले. पंतांची रीत ऐसी की नियम म्हणोन सांगणे नाही, प्रकरण सांगणे: कोण्या तेल्याचा घाणा का बसला, कोण्या मीठवाल्याने सात बैल विकून उंट का घेतला, आणि नावगाव झाकून पहिला कागद वाटणे, मग पुसणे की "त्याचे जागी आपण असता तर काय करिते?" आणि तीन दिवस मनसोक्त भांडू देऊन अखेरीस पिशवीतून दुसरा कागद काढणे, ज्यात खरोखर काय जाहले ते लिहिलेले असे. सुभानजीरावांस हा नाद ऐसा लागला की घरात बाईसाहेब "अहो, दूध उतू चाललंय" म्हणाल्या तर हे पुसत, "या दुधाचे हितसंबंधी कोण कोण?" पुढे कागद वाचून कारकून पेंगू लागले, तेव्हा पंतांनी युक्ती काढिली की प्रकरण वाचणे नाही, सोंग आणवावे, मग कधी बुडालेला सराफ छाती पिटीत सदरेवर येई, कधी पळून गेलेल्या भागीदाराचा भाऊ येई, आणि सर्व मंडळी वाहवा करीत.

मग चैत्र वद्य पंचमीस टाक्यावर पाणी भरणारी तान्हूबाई धावत सदरेवर आली आणि म्हणाली, "सरकार, टाक्याला चीर गेलीया! चुना आन् शिसं कोठीत हाय, कोठीची किल्ली तुमच्या कमरेला. तेवढी द्या, सांजच्याला बुजवते." सदरेवर टाळ्या पडल्या. पंतांनी मनात म्हटले, किल्लेदारांनी काय सोंग आणविले आहे! आणि किल्लेदारांनी मनात म्हटले, पंतांनी काय सोंग आणविले आहे! आणि दोघांनी एकमेकांस मान लववून दाद दिली. सुभानजीराव बोलिले, "बाई, घाम देखील खरा आणलात. परंतु किल्ली मागणे हा उतावीळ उपाय झाला. आकडे सांगा. पाणी किती, चीर किती, आणि चिरीचे मनात काय आहे?" तान्हूबाई म्हणाली, "चिरीला मन नसतंय, सरकार." तेव्हा एक कारकून दुसऱ्यास म्हणाला, "पाहा, माहिती दडवते आहे." मग बारा जणांचे तीन गट पाडिले, आणि बळ, उणीव, संधी व धास्ती ऐसा चार घरांचा चौकोन आखिला, आणि संधीचे घरात कोणी लिहिले की टाके रिकामे जाहल्यास झाडून घेता येईल. दुसरे दिवशी ती पुन्हा आली, हात चिखलाने माखलेले, म्हणाली, "चिंध्या कोंबून बसलेय रातभर. पाणी उतरून गुडघ्याव आलं. आता तरी किल्ली द्या की वो!" त्यांनी तिजला पाच वेळा "का?" ऐसे पुसिले, पाचवे खेपेस ती ज्या शब्दांत बोलिली ते शब्द लिहिण्याजोगे नाहीत, परंतु पंतांनी ते मूळ कारण म्हणोन टिपून घेतले. तिसरे दिवशी निकाल. पंतांनी पुसिले, "किल्लेदाराचे जागी आपण असता तर?" सुभानजीराव उठोन उभे राहिले आणि म्हणाले, "मुळात हा किल्लेदारच नालायक. तीन दिवस बाई ओरडते आणि हा कमरेची किल्ली सोडीत नाही? त्यास गाढवावर बसवून काढावा." मते घेतली, तेरापैकी तेरा हात वर, त्यांत पहिला किल्लेदारांचा. मग ते खूष होऊन म्हणाले, "पंत, काढा आता दुसरा कागद." पंत म्हणाले, "माझेकडे कैचा? सोंग आपण आणविले." "मी? मी तर आपले समजलो." मग दोघांनी तान्हूबाईकडे पाहिले. ती दाराशी रिकामी घागर घेऊन उभी होती; तिने ती उलटी धरिली. मग सर्व धावत टाक्यापाशी गेले. तळाशी बोटभर गाळ आणि एक बेडूक, आणि बेडूकही वर पाहात होता. सुभानजीरावांनी किल्ली पुढे केली. तान्हूबाई म्हणाली, "आता काय, गाळाला कुलूप घालू?"

मग चारशे माणूस घागरी, हंडे, पाळणे घेऊन गड उतरले. खाली विहीर होती, परंतु ती शेजारचे राज्याची, आणि दोन पिढ्यांचे वैर. तेथील ठाणेदार जानराव काकडे तंबू ठोकून बसले होते, ते म्हणाले, "पाणी देतो. परंतु आम्हांसही कारभारशास्त्र शिकणे आहे. रोज आमचे मंडळीपुढे बसोन टाके कैसे घालविले ते सांगावे. जितके खरे, तितक्या घागरी." मग सुभानजीराव रोज सांगत, आणि जानरावांचे अंगरखे घातलेले लोक रोज हसत. एके दिवशी रावांनी आपण हात वर केल्याची गोष्ट गाळिली, तर घागरी निम्म्याच मिळाल्या, आणि तान्हूबाईने वर पाहून म्हटले, "राव, लाज राखू नका. पोरं तहानलीत." दुसरे दिवसापासोन त्यांनी काही गाळिले नाही. ऐसे आठ दिवस गेले. नववे दिवशी सांगणे अर्ध्यावर असता विहिरीवरला मोटकरी धावत आला: "ठाणेदारसाहेब, विहिरीचा काठ खचतोय! वासे द्या, टेकू लावायचाय!" जानराव म्हणाले, "वाहवा! आता आमचेकडेही सोंग!" आणि सर्वांनी वह्या उघडिल्या. सुभानजीराव ओरडले, "अरे, हे खरे आहे! उठा! मी पायां पडतो, उठा!" जानराव शेजाऱ्यास म्हणाले, "सांगणाराही सोंगात सामील आहे. थोर शिक्षण." तेव्हा सुभानजीरावांनी इकडे तिकडे पाहिले. गडाची चारशे माणसे रिकाम्या घागरी घेऊन रांगेत उभी होती, आणि त्या मुलुखात वासे म्हणोन एकाच ठिकाणी होते. मग त्यांनी कोणाचे मत न घेता तंबूचे खांब उपटिले. तंबू जानरावांसकट सर्वांचे अंगावर बसला. खांब खांद्यावर घेऊन ते धावले, आणि तान्हूबाई पदर खोचून आडवे वासे लावू लागली आणि म्हणाली, "राव, डावीकडं रेटा! बोलू नका, रेटा!" आणि राव न बोलता रेटीत राहिले, आणि काठ धरिला गेला, आणि रांग पुढे सरकली. मागे कापडाखालोन आवाज येत होते: "तंबू का पडला?" "खांब गेले म्हणोन." "खांब का गेले?" "थांबा, आधी गट पाडू."

येणेप्रमाणे एक टाके गेले आणि एक विहीर राहिली. टाके वैशाखात तान्हूबाईने सांधिले, किल्ली तेव्हापासोन तिचेच कमरेस. गिरमाजीपंतांस सरकारांनी बढती दिली. तंबू चौथे दिवशी उचलिला; आतील मंडळी सुखरूप होती, परंतु एकमत जाहले नव्हते.