मालकाच्या कमरेएवढा ओटा

चूक माझी एवढीच, की बायकोला न विचारता तिचं भलं करायला गेलो. (विचारून भलं करायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.)

कालिंदीचे गुडघे दुखायचे. अकरा वर्षं. स्टोव्ह जमिनीवर, त्यामुळे दिवसभर उकिडवं बसायचं, उठायचं, परत बसायचं. ती म्हणायची, "वाटीखाली ठणकतंय हो." मी म्हणायचो, "वय झालं, चालायचंच." तेव्हा ती अठ्ठावीसची होती, हे आत्ता लिहिताना ध्यानात आलं.

मग एक दिवस कचेरीचा जिना उतरताना माझाच गुडघा धरला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी वाटी दाबून पाहिली. म्हणाले, "मांडीचे स्नायू ढिले पडले की वाटीवर ताण येतो. उकिडवं बसू नका, चढउतार कमी करा. रोज झोपून पाय सरळ उचला, मांडीत जोर येऊ दे."

घरी येऊन मी हे सगळं कालिंदीला समजावून सांगितलं. ती उकिडवी बसून भाकरी थापत होती. म्हणाली, "म्हणजे गुडघे खरंच दुखतात तर."

लाज वाटली. खरंच वाटली. ती राधानगरीला माहेरी गेली तशी शिवाजी पेठेतला ईरप्पा गवंडी बोलावला. उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा बांधून तिला चकित करायचं होतं.

"साहेब, उंची किती घिऊ?"

"कमरेएवढी."

"कुणाच्या कमरंएवढी?"

"घर कुणाचं, ईरप्पा?"

"तुमचं की."

"मग?"

ईरप्पानं माझ्या कमरेला दोरी लावून माप घेतलं. (मी सहा फुटाला दोन बोटं कमी. कालिंदी माझ्या सदऱ्याच्या खिशापर्यंत येते.)

ती आली, ओट्यापुढं उभी राहिली. परात तिच्या छातीशी आली. पाट आणून त्यावर चढली. मिठाला उतरली, परत चढली. पाण्याला उतरली. एका स्वयंपाकात चाळीसपर्यंत मोजलं आणि मी बाहेर जाऊन बसलो.

ओटा फोडायला ये म्हणून ईरप्पाला निरोप धाडला. उलटा निरोप आला, "फोडायचा न्हाई. मालकाच्या मापाचा हाय."

त्या ओट्यापुढं नीट उभं राहील असं घरात एकच माणूस. सध्या भाकरी मी थापतो. कालिंदी आतल्या खोलीत चटईवर पडून पाय उचलते, मोठ्यानं मोजते.

काल थापता थापता कंबर धरली. "अगं, कंबर ठणकतीय," मी म्हणालो.

"बावीस," आतून आवाज आला. "वय झालं, चालायचंच. तेवीस."