वास न येणारा मासा

बसलात सगळे? मग ऐका. एका जंगलात, टेकडीच्या उतरणीवर, एक सभ्य वसाहत होती. सभ्य म्हणजे काय, तर तिथे राहणाऱ्यांना आपण सभ्य आहोत हे पक्कं ठाऊक होतं.

त्या वसाहतीत अगदी खालच्या बिळात कालिंदी नावाची पाणमांजरीण राहायची. तिचा नवरा वामन पाणवठा खात्यात नोकरीला होता. टेकडीवर राहणाऱ्यांना मान मिळतो असं त्याला साहेबांनी सांगितलं, म्हणून दोघं नदीकाठ सोडून वर राहायला आली.

मान काही मिळाला नाही. पाणमांजरं मासे खातात, मुलांनो, आणि तेही कच्चे. तुम्ही वरणभात खाता तसंच ते. पण वसाहतीचे अध्यक्ष होते नीलकंठराव सांबर. शिंगं मोठी, नाक त्याहून मोठं. कालिंदीच्या दारावरून जाताना ते नाकाला पान लावायचे.

एकदा ते थांबले.

"वामनराव, वास येतो."

"खिडक्या बंद ठेवतो, अध्यक्षसाहेब."

"बंद खिडकीतून येतो. आमच्या मंडळींना झोप लागत नाही. कच्चं खाणं आपल्या वसाहतीत बसत नाही हो. पौर्णिमेच्या सभेत तुमचा विषय घ्यावा लागेल."

विषय घेणं म्हणजे काय, हे कालिंदीला माहीत होतं. मागे तरसाचा विषय घेतला होता. आता त्याच्या बिळात ससे राहतात. त्या दिवसापासून ती पांघरुणाखाली बसून मासा खाऊ लागली, आणि खाल्ल्यावर कडुनिंबाचा पाला चघळू लागली.

त्याच सुमारास एक करकोचा जंगलात परतला. हा दर उन्हाळ्यात फार लांब उत्तरेला जायचा. यंदा येताना त्याने एक काळा झगा आणि थोडेसे शब्द आणले, आणि तळ्याकाठी हॉटेल काढलं. कोरियन आणि जपानी. एका हॉटेलात दोन देश कसे, असं कुणीच विचारलं नाही. विचारणाऱ्याला काही कळत नाही असं दिसलं असतं. हॉटेलचं नाव कोरियाच्या राजधानीवरून ठेवलं 'सोल'. सुरुवातीला लोक तिथे सोलकढी मागायला यायचे.

मग खुद्द राजेसाहेब तिथे जेवून गेले, आणि 'सोल'मध्ये न जेवलेला प्राणी जंगलात तोंड लपवून फिरू लागला. वसाहतीचं वार्षिक स्नेहभोजन अर्थातच तिथे ठरलं. कालिंदी आणि वामनही गेले. सभेआधी अध्यक्षांना नाराज करायचं नव्हतं.

बुटक्या मेजांभोवती सगळे मांडी घालून बसले. सांबराला मांडी घालता येत नाही. नीलकंठरावांनी घातली.

आधी आंबवलेला तिखट कोबी आला. त्याला म्हणायचं किमची. घरी कोबी आंबला असता तर सांबरीणबाईंनी तो उकिरड्यावर टाकला असता. इथे त्यांनी डोळे मिटले आणि 'वा' म्हणाल्या. शेजारी हिरवा गोळा होता. नीलकंठरावांना ती पुदिन्याची चटणी वाटली. त्यांनी ती सगळी तोंडात टाकली आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"आपली वसाहत कुठवर आली," ते कसेबसे म्हणाले, "म्हणून भरून आलं."

त्यानंतर काळ्या दगडावर, मुळ्याच्या किसावर, पातळ पांढऱ्या चकत्या आल्या. कालिंदीने एकदाच हुंगलं. मासा. कच्चा. आणि तोही आपल्याच ओढ्यातला. तिने वामनला कोपर मारलं.

"अध्यक्षसाहेब," वामन हळूच म्हणाला, "हा मासाच ना?"

"मासा काय म्हणता, वामनराव. साशिमी आहे ही."

"कच्ची दिसते."

"कच्ची नव्हे. न शिजवलेली."

"पण तुम्ही तर गवत, पाला..."

"करकोचेसाहेबांना विचारून घेतलंय. तिकडे सगळेच खातात म्हणाले."

खायचं मात्र काड्यांनी होतं. नीलकंठरावांच्या खुरातून एक काडी सटकली ती थेट रानगव्याच्या नाकात गेली. ही तिकडची पद्धत असेल असं समजून गव्याने आभार मानले.

आता पाणमांजरांची बोटं फार चलाख असतात. लहानपणापासून ती नदीतले गोटे बोटांवर खेळवतात. कालिंदीने काड्या उचलल्या, एक चकती अलगद धरली आणि खाल्ली. मग दुसरी. मेजावरचे सगळे आपल्या काड्या खाली ठेवून तिच्या बोटांकडे पाहू लागले.

"वहिनी," सांबरीणबाई म्हणाल्या. वसाहतीत कालिंदीला कुणी पहिल्यांदाच वहिनी म्हटलं होतं. "कुठे शिकलात हो हे?"

वामन सरळमार्गी. "अहो, आम्ही तर रोजच..."

कालिंदीने मेजाखालून त्याच्या शेपटीवर पाय दिला.

"आमच्या घराण्यात पूर्वीपासून साशिमीच," ती म्हणाली. "आम्ही बोलून दाखवत नाही, इतकंच."

पौर्णिमेच्या सभेत तिचा विषय निघालाच. तिला रसास्वाद समितीची प्रमुख केलं. खिडक्या उघडल्या. सकाळी नीलकंठराव दारावरून जाताना मुद्दाम रेंगाळू लागले.

"आज साशिमी वाटतं? छान दरवळतेय."

कालिंदीच्या ओट्यावर काड्या धरायचा वर्ग सुरू झाला. सांबरीणबाई पहिल्या ओळीत बसायच्या.

अशाच एका दुपारी, वर्ग भरलेला असताना, नदीवरून कालिंदीची आई आली. तिचं नाव आवडाबाई. म्हातारी उन्हात टेकडी चढून आली होती. काखेत पानात गुंडाळलेले दोन मासे. त्यातला मोठा लेकीसाठी. लहान तिने ओट्याच्या कडेला बसून डोक्याकडून खायला घेतला. भूक लागली होती. काटे कडाकडा वाजले.

सांबरीणबाई मागे सरकल्या. "या कोण?"

कालिंदीने आईकडे पाहिलं. आईच्या मिशांना खवले चिकटले होते.

"नदीवरच्या आहेत," ती म्हणाली. "मासे द्यायला येतात."

"आणि असे कच्चेच खातात?"

"सांगून पाहिलं. त्यांच्यात तसंच असतं."

आवडाबाईचं चावणं थांबलं. तिने अर्धा मासा परत पानात गुंडाळला.

"मोठा आत ठेवते, बाईसाहेब," ती म्हणाली. जन्मापासून ती लेकीला काली म्हणत आली होती.

तिने मासा आत ठेवला आणि मागच्या दाराने निघून गेली. थोड्या वेळाने कालिंदी आत आली. खिडकीतून आई उतार उतरताना दिसत होती. मध्येच सावलीला टेकत होती. हाक ऐकू गेली असती इतकी जवळ होती. पण हाक ओट्यावरही ऐकू गेली असती.

कालिंदीने मासा साफ केला, पातळ चकत्या केल्या, मुळ्याच्या किसावर मांडल्या आणि बाहेर आणल्या.

सांबरीणबाईंनी एक चकती काड्यांनी उचलली. आता त्यांना जमू लागलं होतं.

"किती ताजी," त्या म्हणाल्या. "कुठून मागवता?"

"फार लांबून," कालिंदी म्हणाली.

तात्पर्य : मासा कच्चा असला तरी चालतो. खाणारा मात्र नीट शिजलेला हवा.