खुर्ची कोणासाठी

खोटं एकच बोललं गेलं. तेही एका शब्दाचं.

जहाजाच्या दारात निळ्या कोटातली एक बाई चाकांची खुर्ची घेऊन उभी होती. तिने हातातला कागद वाचला, समोर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या जोडप्याकडे पाहिलं आणि विचारलं, "खुर्ची कोणासाठी?"

"हिच्यासाठी," खांबसाहेब म्हणाले आणि बायकोकडे बोट केलं.

खांबसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एकतीस वर्षं त्यांनी बस चालवली, आणि सीटवर ते असे ताठ बसायचे की डेपोत सगळे त्यांना खांब म्हणत. तोंडावर म्हणायची वेळ आली की पुढे साहेब जोडत. दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत बसणं त्यांना कधी पटलं नाही. स्वतःच्या लग्नाच्या वरातीतही त्यांनी ड्रायव्हरला उठवून स्टिअरिंग हातात घेतलं होतं. (नवरी मागच्या सीटवर एकटी होती. तिने ते अजून विसरलेलं नाही.)

आता त्यांचा डावा गुडघा कामातून गेला होता. एकतीस वर्षं क्लच दाबून दुसरं काय होणार? वीस पावलं टाकली की गुडघा अडकायचा आणि मग ते भिंत धरून, जणू भिंतीचा रंग तपासतोय अशा चेहऱ्याने उभे राहायचे. काठी घेत नसत. काठी म्हाताऱ्यांची. वय विचारलं तर शहात्तर सांगत, तेही नाइलाजाने.

ही सगळी हकीकत लेकीला ठाऊक होती. म्हणून आईबापांना जहाजाच्या सफरीला पाठवताना तिने बापाला न विचारता खुर्ची मागवून ठेवली.

बायकोचं म्हणाल तर ती रोज सकाळी तासभर चालायची आणि चौथ्या मजल्यावर भाजीची पिशवी घेऊन जिन्याने चढायची. खांबसाहेबांच्याच बसवर ती कंडक्टर होती. एकच गाडी, एकच रूट, दोघं एकत्र. डेपोत तिला कंडक्टरबाई म्हणत, आणि आपणही तेच म्हणू.

"माझ्या पायांना काय धाड भरलीय?" कंडक्टरबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"बस गं. लोक बघतायत."

"बघतायत म्हणूनच विचारते."

"खोलीपर्यंत बस. मग बघू."

कंडक्टरबाई मागे वळून निळ्या कोटवालीशी दोन शब्द बोलल्या आणि खुर्चीत बसल्या. खांबसाहेबांनी ते ऐकलं नाही. ते वाकून चाकं दाबून बघत होते.

खोली आठव्या मजल्यावर, बोळाच्या पार टोकाला होती. तो बोळ एवढा लांब की पलीकडच्या टोकाची माणसं पेन्सिलीएवढी दिसत. खांबसाहेबांनी खुर्चीच्या मागच्या मुठी धरल्या, भार टाकला, आणि निघाले. वीस पावलं झाली, चाळीस झाली, दोनशे झाली. गुडघा अडकला नाही. का अडकेल? अर्धा भार मुठींवर होता आणि पुढे कंडक्टरबाईंचं वजन असल्याने खुर्ची उलटायचा प्रश्न नव्हता.

खोलीच्या दारात त्यांचा चेहरा असा खुलला होता, जसा नवी गाडी ताब्यात मिळाल्यावर खुलायचा.

"हिचं स्टिअरिंग उजवीकडे ओढतंय," ते म्हणाले. "पण गाडी चांगली आहे."

"म्हणजे खोलीपर्यंतचं आता जेवणापर्यंत गेलं," कंडक्टरबाई म्हणाल्या. "ठीक आहे. पण घंटी माझी."

ती जुनी पद्धत होती. बोटातली अंगठी खुर्चीच्या लोखंडी हातावर एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. ड्रायव्हर समजतो बस त्याची. पण घंटीशिवाय बस हलत नाही, आणि घंटी कंडक्टरच्या हातात असते.

दोन दिवस झकास गेले. टण टण, नाश्ता. टण, लिफ्ट. टण टण, वरचा डेक. खांबसाहेब पाठ ताठ, नजर समोर, पॅसेंजरच्या डोक्यावरून पुढचा रस्ता बघत चालवायचे. वळणावर तोंडाने हॉर्न द्यायचे. मध्ये कंडक्टरबाई काही बोलल्या तर उत्तर द्यायचे नाहीत. चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलू नये, ही पाटी एकतीस वर्षं त्यांच्या डोक्यावर होती. ती आता डोक्यात गेली होती.

आणि लोक कौतुक करू लागले. जेवणाच्या टेबलावर त्यांच्यासोबत एक दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको असायची. डॉक्टर आडव्या बांध्याचे, खाण्याचे शौकीन.

"बघा," डॉक्टरीणबाई नवऱ्याला म्हणाल्या. "या वयात बायकोला फुलासारखं जपतात. एक मिनिट खुर्चीचा हात सोडत नाहीत. तुम्ही मागच्या वर्षी मला स्टेशनवर विसरला होतात."

"वीस मिनिटांत परत आलो होतो," डॉक्टर म्हणाले.

"हात दुखतात, असं त्यांनी कधी म्हटलं तरी का? कर्तव्य म्हणतात याला."

खांबसाहेबांनी मान खाली घालून सूप प्यायलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. (इथे ते चुकले. हो म्हणणं हे खोटं असतं आणि गप्प बसणं हे नसतं, असा त्यांचा हिशेब होता.)

अडचण तिसऱ्या दिवशी आली. चौथ्या दिवशी सकाळी जहाज एका बेटाला लागणार होतं, आणि त्या बेटावर दीपगृह होतं. तीनशे बारा पायऱ्या. वरपर्यंत जाता येत होतं.

"मी उद्या चढणार," कंडक्टरबाई खोलीत म्हणाल्या.

"कशी चढशील? तू चालत नाहीस."

"अहो, मी चालते."

"ते मला माहीत आहे. जहाजाला माहीत नाही."

कंडक्टरबाई खोलीच्या खिडकीशी गेल्या. त्यांच्या रूटचा शेवटचा थांबा एका बंदरावर होता. तिथून लांबवर दीपगृह दिसायचं. हॉल्ट सात मिनिटांचा. सात मिनिटांत चहा होतो, दीपगृह होत नाही. एकतीस वर्षं कंडक्टरबाई कप हातात धरून दीपगृहाकडे बघत चहा प्यायल्या होत्या. सफरीचं पत्रक आलं तेव्हा त्यांनी जेवणाचं पान वाचलं नव्हतं, नाचगाण्याचं वाचलं नव्हतं. फक्त या बेटाचं पान दुमडून ठेवलं होतं. खांबसाहेबांना हे सगळं पक्कं ठाऊक होतं.

"खालून बघू," ते म्हणाले. "खालूनही छान दिसतं."

"खालून मी पाहिलंय," कंडक्टरबाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी दुपारपासून अंगठी टण टण एवढीच वाजली. एरवीच्या गप्पा बंद.

त्याच संध्याकाळी मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. प्रवाशांनी मतं देऊन एक आदर्श जोडपं निवडायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी दोन दिवस खपून, टेबलाटेबलावर जाऊन खांबसाहेबांसाठी मतं जमवली होती.

हॉलच्या दाराबाहेर लिफ्टजवळ कंडक्टरबाईंनी एकदा टण केलं. खुर्ची थांबली. "हात धुऊन येते," त्या म्हणाल्या. इकडे तिकडे बघितलं, कोणी बघत नाही अशी खात्री केली, आणि चटकन उठून कोपऱ्याआड गेल्या.

खांबसाहेब मुठी धरून उभे राहिले. मुठी सोडल्या तर ते उभे राहू शकत नव्हते, म्हणून सोडल्या नाहीत. नजर समोर. मन मात्र दीपगृहात अडकलेलं.

एवढ्यात दातांचे डॉक्टर आले. एका हातात आइस्क्रीमचा मोठा पेला, दुसऱ्यात चमचा. हॉलमध्ये जागा नव्हती आणि बाहेर एकच खुर्ची रिकामी होती. डॉक्टर त्या खुर्चीत टेकले. घास तोंडात असल्याने विचारायचं राहिलं.

आणि शेजारच्या दोन लिफ्ट एकाच वेळी येऊन थांबल्या. टण. टण.

माणूस निवृत्त होतो. हातपाय निवृत्त होत नाहीत. खांबसाहेब निघाले.

गाडी जरा जड लागली. जेवणानंतर लागायचीच, असं त्यांना वाटलं. डॉक्टरांना वाटलं, ही जहाजाची सोय असावी. त्यांनी आणखी एक चमचा घेतला. हॉलच्या दारातून आत उतार होता, थेट स्टेजपर्यंत. त्या उतारावर गाडीने वेग घेतला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "अहो, जरा हळू."

खांबसाहेबांनी उत्तर दिलं नाही. चालत्या गाडीत ते बोलत नसत.

स्टेजवर माइक घेतलेला माणूस नेमका तेव्हाच सांगत होता, "आणि मंडळी, ज्यांनी आपल्या पत्नीला तीन दिवस तळहाताच्या फोडाप्रमाणे जपलं, ते आदर्श पती आणि त्यांची प्रिय पत्नी." झगमगता दिवा फिरला आणि दोघांवर पडला. फोटोवाल्याने फोटो घेतला. उजेडात खांबसाहेब ताठ उभे होते आणि त्यांच्यापुढे मिशीला आइस्क्रीम लागलेले डॉक्टर बसले होते.

आठशे माणसं एकदम हसली. खांबसाहेबांनी तीन दिवसांत पहिल्यांदा पॅसेंजरकडे खाली वाकून पाहिलं.

"तुम्ही कुठे चढलात?" त्यांनी विचारलं.

"लिफ्टजवळ," डॉक्टर म्हणाले.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "अहो, थांबा, मी मागे राहिले." आणि कंडक्टरबाई उतारावरून पळत आल्या. लंगडी म्हणून जिला सगळ्यांनी लिफ्टमध्ये पहिली जागा दिली, ती बाई दोन रांगांमधून अशी पळत होती, जशी एके काळी सुटलेल्या बसमागे पळायची. हॉल चिडीचूप झाला. मागून कोणीतरी म्हणालं, "खुर्चीचा गुण आला."

डॉक्टर घाबरून उठले. ते उठल्याबरोबर खुर्ची हलकी झाली आणि खांबसाहेबांच्या भाराने मागे कलंडली. त्यांचा गुडघा अडकला. ते पडणार, तोच कंडक्टरबाईंनी एका हाताने त्यांची कॉलर धरली, दुसऱ्याने खुर्ची सरळ केली आणि त्यांना तीत बसवलं. गर्दीत झोकांडी खाणाऱ्या पॅसेंजरला बसवायचा हात होता तो. अजून तयार होता.

खांबसाहेब बसले. दिव्याच्या उजेडात, आठशे माणसांसमोर.

माइकवाला खाली आला. त्याने कंडक्टरबाईंना विचारलं, "आजी, तुम्ही चालू शकता?"

कंडक्टरबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. अजूनही काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. अंगात अचानक बळ आलं, औषध लागू पडलं, काहीही. पण मग उद्या कंडक्टरबाई पुन्हा खुर्चीत, आणि दीपगृह पुन्हा खालून. खांबसाहेबांनी एकदा बायकोच्या पायांकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या. मग हात पुढे केला आणि माइक घेतला.

"पाय माझा गेलाय," ते म्हणाले. "हिचे ठणठणीत आहेत. मला खुर्चीत बसायची लाज वाटली, म्हणून हिला बसवलं. उद्या ही दीपगृह चढणार आहे. एवढंच."

माइक परत दिला. घाम पुसला. एवढं लांब भाषण त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

"आणि आजी, तुम्ही तीन दिवस गुपचूप कशा बसलात?" माइकवाल्याने विचारलं.

"एकतीस वर्षं हे बसून होते आणि मी उभी होते," कंडक्टरबाई म्हणाल्या. "म्हटलं, बसण्यात एवढं काय आहे ते बघावं."

टाळ्या अशा पडल्या की डॉक्टरांनी पेला खाली ठेवून वाजवल्या. डॉक्टरीणबाईंना मात्र राग आला होता. मतं वाया गेली म्हणून नव्हे. त्यांच्या नवऱ्यालाही कोणीतरी जपून नेलं होतं, आणि त्यांना अजून कोणी नेलं नव्हतं.

सकाळी जहाजाच्या फोटोंच्या फळीवर, "आदर्श जोडपं" या सोनेरी अक्षरांखाली, खांबसाहेब आणि दातांचे डॉक्टर झळकत होते. फोटो छान आला होता. कंडक्टरबाईंनी दोन प्रती मागून घेतल्या, एक लेकीसाठी.

मग त्यांनी खांबसाहेबांना ढकलत बेटावर उतरवलं आणि दीपगृहाच्या पायथ्याशी सावलीत थांबवलं. खुर्चीला ब्रेक लावला. तो लागला का, हे खांबसाहेबांनी दोनदा तपासलं. मग त्या वर गेल्या. तासाभराने उतरल्या. केस विस्कटलेले, गाल लाल, अन् चेहरा असा की खांबसाहेबांना वरातीच्या गाडीच्या आरशात दिसलेली नवरी आठवली.

"काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

"समुद्र. चारी बाजूंनी." त्या जरा थांबल्या. "आणि तुम्ही. मुंगीएवढे. पण हात हलत होते. मला वाटलं, मला बाय करताय."

"इथे सामानाच्या गाड्या चुकीच्या बाजूने येत होत्या," खांबसाहेब म्हणाले. "सांगायला नको?"

परत जहाजाच्या दाराशी तीच निळ्या कोटातली बाई कागद घेऊन उभी होती. या वेळी तिने विचारायच्या आत खांबसाहेब स्वतःच म्हणाले, "खुर्ची माझ्यासाठी आहे." आवाज करडा होता. पण म्हणाले.

"माहीत आहे आजोबा," ती हसली. "पहिल्या दिवसापासून कागदावर तुमचंच नाव आहे. डावा गुडघा, असंही लिहिलंय."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"आजींनी बजावलं होतं. म्हणाल्या, त्यांना चालवू द्या, नाहीतर आम्ही दोघं सात दिवस खोलीतच बसून राहू."

खांबसाहेब मागे वळून बायकोकडे बघणार होते. पण बघवलं नाही.

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?"

"छे हो. फक्त कामावरच्या लोकांना."

"किती लोक आहेत कामावर?"

"नऊशे चाळीस," ती म्हणाली.

खांबसाहेबांनी पाठ ताठ केली, नजर समोर लावली आणि आता इथून लवकर निघावं म्हणून खुर्चीच्या हातावर बोटांनी दोनदा ठोकलं. टक टक.

खुर्ची हलली नाही.

"घंटी माझी," मागून कंडक्टरबाई म्हणाल्या, आणि निळ्या कोटवालीशी निवांत गप्पा मारू लागल्या.